मुखपट्टीची शुद्धी : एक आपद्धर्म
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या ज्ञातीतील कित्येक मुलींनी परिचारिकेचा व्यवसाय पत्करला आहे. काही तरुण डॉक्टर आहेत, काही प्रयोगशाळांत काम करतात. २०२० सालच्या महासाथीत आपण दारे लावून घरी बसलो असता ही मुले रुग्णांच्या उशाशी उभी होती. त्यांच्या तोंडावरील मुखपट्ट्यांचा जगभर तुटवडा पडला आणि एकदा वापरून टाकून देण्याची वस्तू पुनःपुन्हा वापरण्याची पाळी आली. ती निर्धोक कशी करावी, या विषयावर बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी ऋणी आहे.

वैद्याने तोंड झाकावे हा विचार जुना आहे. १९१०-११ साली मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगने सुमारे साठ हजार माणसे दगावली. डॉ. वू लिएन-तेह यांनी तेथे जाळीदार कापड व कापूस यांची साधी पट्टी सर्वांना बांधावयास लावली. डॉ. मेस्नी नावाच्या फ्रेंच वैद्यांनी ती बांधण्याचे नाकारले. थोड्याच दिवसांत ते त्याच रोगाने मृत्यू पावले.

आजची एन-९५ मुखपट्टी मात्र कापडाची नव्हे, आणि घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. आपल्या घरी शुद्धीची कल्पना ठरलेली आहे : वस्त्र मळले की साबण लावावा, उकळत्या पाण्यातून काढावे, कडक उन्हात वाळवावे. हाच न्याय या पट्टीस लावला तर ती दिसावयास स्वच्छ होते, परंतु निकामी होते. तिच्या आतील थर पॉलिप्रोपिलीनच्या अतिसूक्ष्म तंतूंचा असतो व त्या तंतूंवर विद्युत्भार कायमचा बसविलेला असतो. कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे ओढतो, तसे हे तंतू हवेतील कण ओढून धरतात. म्हणूनच ०.३ मायक्रॉनएवढे, गाळण्यास सर्वांत अवघड असे कणही शेकडा ९५ अडतात आणि श्वासही कोंडत नाही. मद्यार्क लावला की हा भार नाहीसा होतो. साबणाचे पाणीही त्यास मारक ठरते. जाळी तशीच दिसते, पण तिचे बळ गेलेले असते. हा भार तंतूंवर बसविण्याची युक्ती काढणारे डॉ. पीटर त्साय हे २०२० साली निवृत्त झालेले होते. तरी ते पुन्हा कामास लागले आणि पट्टीच्या निर्जंतुकीकरणाचे प्रयोग करू लागले.

तेव्हा शुद्धीच्या कोणत्याही रीतीस चार कसोट्या लावाव्या लागतात. जंतू मेला पाहिजे. गाळण्याची शक्ती टिकली पाहिजे. पट्टी चेहऱ्यास पूर्वीइतकीच घट्ट बसली पाहिजे. आणि श्वासावाटे जाईल असे विषारी द्रव्य तिच्यात उरता कामा नये. ब्लीच चौथ्या कसोटीस नापास होते, कारण त्याचा उग्र वास व अवशेष राहतो.

तीन रीती बऱ्याच अंशी उतरल्या. पहिली हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेची. अमेरिकेतील बॅटेल संस्थेस या रीतीसाठी तेथील औषध प्रशासनाने मार्च २०२० च्या अखेरीस तातडीची परवानगी दिली. एक पट्टी वीस वेळांपर्यंत शुद्ध करण्याची त्यात मुभा होती. संस्थेच्या आधीच्या प्रयोगांत गाळणी टिकली, पण बहुत वेळांनंतर रबरी बंद सैल पडू लागले. कागदाच्या जातीचा लगदा असलेल्या पट्ट्या वाफ शोषून घेतात, म्हणून त्या वर्ज्य होत्या. दुसरी रीत अतिनील किरणांची. नेब्रास्काच्या वैद्यकीय केंद्रात खोलीत तारा बांधून त्यांवर पट्ट्या टांगीत व किरण सोडीत. पण किरण सरळ रेषेत जातात; घडीच्या सावलीत जंतू सुरक्षित राहू शकतो. तिसरी दमट उष्णतेची : सुमारे ७० अंश सेल्सिअसची ऊब तासभर द्यावयाची. याहून फार अधिक तापविल्यास काही पट्ट्यांचा आकार बिघडतो. ज्यांच्यापाशी यांपैकी कोणतेच साधन नव्हते, ते पट्ट्या कागदी पिशवीत निदान पाच दिवस ठेवून आळीपाळीने वापरीत. ओळखीसाठी पिशवीवर नाव लिहीत, कारण एकाची पट्टी दुसऱ्यास देऊ नये हा नियम होता.

आता मुख्य मुद्दा. पुरवठा सुधारताच, ३० जून २०२१ रोजी, अमेरिकेने निर्जंतुकीकरणाच्या या परवानग्या मागे घेतल्या. यात मोठा बोध आहे. आपल्या शास्त्रकारांनी आपद्धर्म सांगितला, तो आपत्तीपुरता; आपत्ती सरल्यावर तोच नित्यधर्म करणे हा अधर्म होय. टंचाईत शोधलेली युक्ती काटकसरीचे निमित्त होऊन बसली, तर तिची किंमत पट्टी बांधणारा आपल्या फुप्फुसांनी चुकती करतो.

ही भीती काल्पनिक नाही. क्षयरोगाचे सर्वाधिक रुग्ण आपल्याच देशात आहेत आणि तो रोग हवेतूनच पसरतो. त्या कक्षांत केवळ डॉक्टर नसतात. झाडणारी बाई, रुग्णशकट ढकलणारा गडी, थुंकीचे नमुने नेणारा पोऱ्या, हेही तीच हवा घेतात. आणि वाटपाच्या यादीत त्यांचे नाव बहुधा शेवटी येते. ते आपल्या ज्ञातीचे असोत वा नसोत, त्यांच्या श्वासाचे मोल आपल्या लेकीच्या श्वासाइतकेच आहे.

म्हणून माझ्या दोन नम्र सूचना आहेत. आपली मुलगी वा सून रुग्णालयात असेल, तर मुखपट्टी किती दिवसांनी मिळते व ती चेहऱ्यास बसते की नाही याची चाचणी होते का, एवढे तिला विचारावे. मायेपोटी तिची पट्टी घरी धुऊ मात्र नये. दुसरे, आपला वैद्यकीय साहाय्य निधी रुग्णालयास देणगी देतो, तेव्हा रबरी बांधणीच्या, पुसून व गाळणी बदलून वर्षानुवर्षे वापरता येणाऱ्या मुखपट्ट्यांचा विचार व्हावा. पुनर्वापरासाठीच त्या घडविलेल्या आहेत. तेथे आपद्धर्माचा प्रश्नच उरत नाही.

भिंतीवर दात्याचे नाव कोरण्यापेक्षा हे दान अदृश्य राहील. परंतु जी मुले रात्रपाळी करून सकाळी सुखरूप घरी येतील, त्यांच्या प्रत्येक श्वासात ते असेल.