लेबलाची जात

(रत्नागिरीत तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच कागदावर उतरवलंय.)



विषय सांगितला तेव्हा मागच्या रांगेतली पोरं हसली. अमेरिकन व्हिस्कीचा इतिहास आणि तिची लेबलं! धक्क्यावरच्या हमालाला ह्याच्याशी काय देणंघेणं? देणंघेणं एवढंच की खोकी आमच्या खांद्यावरून जातात आणि मी मॅट्रिक पास आहे, म्हणून खोक्यावर जे छापलंय ते वाचतो. वाचायची खोड वाईट. एकदा लागली की सुटत नाय.

पिण्याबद्दल मी बोलणार नाही. त्या विषयातला एक तरी तज्ज्ञ आपल्या प्रत्येकाच्या घरात बसलेला असतो. मी बोलणार आहे बाटलीला चिकटवलेल्या वीतभर कागदाबद्दल. त्या कागदावर कुणाचं नाव छापायचं आणि कुणाचं पुसायचं, हे कोण ठरवतं, एवढाच माझा सवाल.

'ब्रँड' हा शब्द आज शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बुटाचा ब्रँड, मोबाइलचा ब्रँड. त्याचा मूळ अर्थ डागणं. लोखंड तापवायचं आणि चटका द्यायचा. मालकाची खूण. अमेरिकेत गुरांना डागलं. कागदी लेबल यायच्या आधी व्हिस्कीच्या लाकडी पिंपांना डागलं. आणि पळून गेलेला काळा गुलाम सापडला तर त्यालाही डागलं. गुरू, पिंप आणि माणूस, तिघांना एकच लोखंड. लेबलाचा इतिहास कागदापासून सुरू होत नाही भावांनो, कातडीपासून सुरू होतो.

आता जॉर्ज वॉशिंग्टन बघा. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष. १७९१ साली त्याच्या सरकारनं व्हिस्कीवर कर बसवला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी मका-राय गाळून दोन पैसे मिळवायचे, ते उठले. १७९४ साली हा बाबा तेरा हजारांच्या आसपास शिपाई घेऊन त्यांच्यावर निघाला. आणि १७९७ साली त्यानंच माउंट व्हर्ननच्या आपल्या इस्टेटीवर भट्टी लावली. १७९९ साली तिथून जवळजवळ ११,००० गॅलन व्हिस्की निघाली. देखरेखीला जेम्स अँडरसन नावाचा स्कॉटिश माणूस. आणि भट्टीवर राबायला सहा गुलाम. हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनियल, जेम्स, टिमथी. आडनावं नाहीत. गुलामाला आडनाव कशाला? ही सहा नावं इस्टेटीच्या कागदपत्रांत उरली, जिथं गुरांची आणि अवजारांचीही मोजदाद असायची. वॉशिंग्टनचं थोबाड मात्र डॉलरच्या नोटेवर छापलं गेलं.

पुढची गोष्ट कागदाची. एकोणिसाव्या शतकात व्हिस्की पिंपातून विकली जायची. दुकानदार पिंपात वाट्टेल ते ढवळायचा. रंगासाठी जळकी साखर, चवीला आलुबुखाराचा रस, झटका बसावा म्हणून तंबाखू नाहीतर टर्पेंटाइन. १८७० साली केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये जॉर्ज गार्विन ब्राऊन नावाच्या माणसानं, जो आधी औषधं विकायचा, आपली व्हिस्की फक्त सीलबंद काचेच्या बाटलीतूनच विकायला काढली. ओल्ड फॉरेस्टर. लेबलावर छापील अक्षर नाही, हातानं लिहिल्यासारखा मजकूर आणि खाली सही. म्हणजे काय, तर मी, अमुक अमुक, ह्या मालाची हमी घेतो. लेबल डिझाइनची ही पहिली मोठी युक्ती. कागदानं माणसासारखं बोलायचं.

मग सरकार मध्ये पडलं. १८९७ चा 'बॉटल्ड इन बाँड' कायदा. एकाच भट्टीची, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी कुलपाच्या गोदामात किमान चार वर्षं मुरलेली आणि ५० टक्के तेजीची व्हिस्की असेल, तरच बुचावर सरकारची हिरवी पट्टी. १९०६ साली अन्न आणि औषध शुद्धतेचा कायदा आला. १९०९ साली राष्ट्राध्यक्ष टॅफ्टनं निवाडाच दिला की कुठल्या दारूला व्हिस्की म्हणायचं, कुठलीला 'स्ट्रेट' आणि कुठलीला 'ब्लेंडेड'. १९६४ साली अमेरिकन काँग्रेसनं ठराव केला की बर्बन ही फक्त अमेरिकेची. बर्बनला निदान ५१ टक्के मका हवा, आतून जाळलेलं ओकचं नवं कोरं पिंप हवं. कायदा किती बारीक बघतो! मका किती, लाकूड कुठलं, वर्षं किती. पण धान्य कुणी भरडलं, आग कुणी जागवली, ह्याचा रकाना एकाही कायद्यात नाही.

त्या रकान्यात ज्याचं नाव पडायला हवं होतं त्याला म्हणायचे निअरेस्ट ग्रीन. पाळण्यातलं नाव नेथन. टेनेसी राज्यात लिंचबर्गजवळ डॅन कॉल नावाचा धर्मोपदेशक होता. रविवारी प्रवचन, बाकीचे दिवस भट्टी. ग्रीन हा गुलाम, त्याच्या मालकांनी कॉलकडे भाड्यानं दिलेला. ऐकताय ना? माणूस, भाड्यानं. भट्टीवर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कॉलकडे एक गोरा पोरगा कामाला राहिला. त्याला गाळायचं शिकवलं ते ह्या ग्रीननं. साखरी मेपलच्या कोळशातून दारू थेंबथेंब पाझरवायची, ती हातोटी टेनेसीच्या व्हिस्कीची ओळख आहे. त्या पोराचं नाव जॅक डॅनियल.

गुलामी कायद्यानं संपली. जॅकनं स्वतःची भट्टी घातली आणि ग्रीन तिथला पहिला मुख्य कारागीर झाला. त्याची पोरं, नातवंडंही त्याच भट्टीवर राबली. १८९५ साली बाटली चौकोनी झाली. लेबल काळं-पांढरं, अक्षरं जुन्या वळणाची, ओल्ड नंबर सेव्हन. जगात कुठंही दाखवा, लोक ओळखतात. आणि ज्यानं शिकवलं त्याचा एक फोटोसुद्धा सापडलेला नाही. १९६७ साली जॅकचं चरित्र छापलं गेलं, त्यात ग्रीनचा उल्लेख आहे. म्हणजे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण लेबलावर जागा नव्हती. २०१६ साली कंपनी दीडशे वर्षं साजरी करायला बसली तेव्हा कुठं तिनं हे जगापुढं मान्य केलं.

२०१७ साली फॉन वीव्हर ह्या काळ्या बाईनं 'अंकल निअरेस्ट' नावानं व्हिस्की बाजारात आणली. लेबलावर नाव आलं! पण टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कर्जाच्या खटल्यात न्यायालयानं त्या कंपनीवर रिसिव्हर नेमला. नाव छापून येणं एक आणि गोदामाची किल्ली हातात असणं दुसरं. आपल्याकडेही पुतळे उभे राहतात आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर असतो. हे गणित आपल्याला नवीन नाय.

बाईचंही ऐका. मेकर्स मार्क नावाची केंटकीची बर्बन आहे. बाटलीच्या गळ्यावर लाल मेण ओघळलेलं. १९५८ साली ती बाजारात आली. ते मेण, ती बाटली, ते लेबल आणि ते नावसुद्धा मार्जी सॅम्युअल्स ह्या बाईचं, मालकाच्या बायकोचं. 'मेकर्स मार्क' म्हणजे घडवणाऱ्याची खूण. आणि जिनं ती खूण घडवली तिचं नाव बाटलीच्या दर्शनी बाजूला नव्हतं.

मी धक्क्यावरचा, म्हणून एक धक्क्यावरची गोष्ट सांगतो. बाटल्यांच्या खोक्यावर प्याल्याचं चित्र छापलेलं असतं. म्हणजे माल नाजूक, सांभाळून. छत्रीचं चित्र म्हणजे पावसात भिजू देऊ नका. वर तोंड केलेले दोन बाण म्हणजे हे उलटं ठेवू नका. जगातल्या कुठल्याही बंदरातल्या अडाणी हमालाला कळावं म्हणून ही चित्रं आहेत. मी ज्या ज्या पाठी बघितल्या, त्यातल्या एकीवरही छत्री नव्हती. काचेला लेबल आहे, कण्याला नाही.

आता आपल्या मुलखात या.

कोकणात भंडारी माडावर चढायचा, माडी उतरवायचा, गाळायचा. १८७८ साली इंग्रजांनी मुंबईचा अबकारी कायदा केला. माडी काढायची तर झाडामागं कर. ज्याच्या बापजाद्यांचा धंदा तो एका कागदात गुन्हेगार झाला. तिकडं वॉशिंग्टननं पेनसिल्व्हेनियात केलं तेच. पुढं स्वातंत्र्य आलं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आणि १९५० च्या एप्रिलपासून सगळ्या मुंबई राज्यात बंदी. पण पैसेवाल्याला आरोग्यासाठी म्हणून परमिट. अमेरिकेत १९२० ते १९३३ बंदी होती, तेव्हाही डॉक्टरच्या चिठ्ठीवर 'औषधी' व्हिस्की मिळायचीच. लेबलावर औषध म्हणून छापलेलं. बंदी सगळ्यांना, पळवाट थोड्यांना. बारच्या पाटीवरचा 'परमिट रूम' हा शब्द त्याच पळवाटेची वरात आहे.

१९७३ साली महाराष्ट्रात देशी दारूचे नियम आले. आणि इथंच लेबलानं आपलं खरं दात दाखवले. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' ही पाटी कुठं असते ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या वस्तीच्या तोंडाला. बाटलीवर संत्र्याचं चित्र. आत संत्रं औषधाला नाय. पलीकडे वाइन शॉप, काचेचं दार, गार हवा, तिथल्या बाटलीवर घोडा नाहीतर किल्ला नाहीतर इंग्रजी राजमुकुट. तिला सरकार म्हणतं विदेशी मद्य. कागदोपत्री पूर्ण नाव 'भारतीय बनावटीचं विदेशी मद्य'. जन्म भारतातला आणि जात विदेशी!

आता आत काय आहे बघा. देशीचं मूळ उसाची मळी. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीचं मूळही उसाची मळी. देशीवर छापतात २५ यू.पी. हिशोब मांडा, ती होते ४२.८ टक्के. व्हिस्कीवर छापतात ४२.८ टक्के. ऊसतोड कामगार तोच, कारखाना तसाच, मळी तीच, तेजी तीच. फरक रंगाचा, वासाचा आणि कागदाचा. युरोपात आणि अमेरिकेत व्हिस्की धान्याचीच लागते. मळीच्या ह्या मालाला तिथं व्हिस्की म्हणून उभं करणार नाहीत. पण इथं एक भाऊ पायरीवर आणि दुसरा भाऊ गाभाऱ्यात. चातुर्वर्ण्य माणसांत पुरलं नाही म्हणून बाटल्यांतही घातलं की काय?

काजूचं तर विचारूच नका. बी विकली जाते, रसाचं बोंडू झाडाखाली कुजतं. सीमेपलीकडे गोव्यात त्याच बोंडवाची फेणी होते. तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली गोवा सरकारनं तिला वारसा म्हणून मान दिला. अलीकडे आपल्या बाजूला कुणी चूल मांडली तर दारावर पोलीस. मग २०२२ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं ठरवलं की काजूच्या बोंडवाची आणि मोहाच्या फुलांची दारू 'विदेशी' ह्या वर्गात घ्यायची. घ्या! बोंडू आपल्या परसातलं, मोह आदिवासींच्या रानातला, आणि इज्जत मिळवायची तर विदेशी व्हायचं. देशी राहून इज्जत मिळतच नाही, हे सरकारच कागदावर कबूल करतंय. २०२५ साली 'महाराष्ट्र मेड लिकर' असा आणखी एक वर्ग काढला, धान्याच्या दारूचा. वर्ग वाढतात, वस्ती तिथंच राहते.

कुणी म्हणेल, लेबल म्हणजे फसवाफसवी, लेबलच नको. तसं नाही दोस्तांनो. लेबल नसलेली दारू कुणी प्यायली ते आठवा. २००४ साली विक्रोळी. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली. मिथेनॉलचं विष. मरणारे कोण? हातावर पोट असलेले. म्हणून मी लेबल फाडा म्हणत नाही. लेबल वाचा म्हणतो, आणि त्यावर काय छापलेलं नाही ते आधी वाचा. २०१९ पासून बाटलीवर इशारा छापावा लागतो, मद्यपान आरोग्यास हानिकारक, पिऊन वाहन चालवू नका. वाहन! ज्याच्याकडे सायकल नाही त्याच्या बायकोला पगाराच्या रात्री काय होतं, त्याचा इशारा कुठं छापलाय? १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात दारू पिणार नाही ही एक आहे. त्या माणसाला आपल्या वस्तीचा इशारा छापायला बाटली लागली नाही.

निअरेस्ट ग्रीनचं नाव परत आलं ते कंपनीला पाझर फुटला म्हणून नाही. घराघरांत आज्या सांगत राहिल्या, कुणीतरी ऐकलं, कागदपत्रं उकरली, छापलं. हे काम आपल्यालाही जमण्यासारखं आहे. त्याला पदवी लागत नाही, मॅट्रिक पुरते. तेव्हा पुढच्या बैठकीला येताना रिकाम्या हातानं येऊ नका. आपल्या घरातल्या एकेका हाताचं नाव लिहून आणा. कुणी आमराईत पेट्या भरल्या, कुणी काजूच्या कारखान्यात चिकानं बोटं जाळून घेतली, कुणी बंदरावर गोणी वाहिल्या. नाव, गाव, काम, किती वर्षं आणि पेटीवर कुणाचं नाव होतं ते. आपलं हे मासिक दरिद्री आहे, पण पानं आपली आहेत. त्यावर काय छापायचं ते आपण ठरवतो.

जय भीम.