आघाततरंग आणि सच्छिद्र पदार्थ



२६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन्ही दिवशी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले. आगीची झळ जेथे पोहोचली नाही, अशा घरांच्याही काचा फुटल्या. त्या फोडल्या हवेने. स्फोटाने एकाएकी दाबली गेलेली हवा प्रथम ध्वनीहूनही वेगाने पुढे धावते, तोच आघाततरंग.

हा तरंग कोरड्या वाळूत शिरला की कणांमधील पोकळ्या चेपतात, कण एकमेकांवर घासतात आणि बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने तेथेच खर्ची पडते. उरलेला धक्का एकदम न बसता सावकाश पोहोचतो. युद्धकाळी इमारतींपुढे वाळूची पोती रचीत, ती उडते तुकडे अडवीत आणि धक्काही पचवीत. मात्र पोती भिजली की पोकळ्यांत पाणी भरते, आणि पाणी सहसा चेपत नाही. आपल्या जिल्ह्यातील पावसात हे विसरून कसे चालेल? भिंतीला नुसता मऊ फोम चिकटवल्यास तिच्यावरील दाब उलट वाढल्याचेही प्रयोगांत आढळले आहे.

वर्गात लोखंडी गोळी आधी फरशीवर, मग वाळूच्या परातीत टाकून दाखवावी. फरशीवर ती उसळते, वाळूत मुकाट्याने रुतते.

शाळेच्या खिडक्यांपुढे पोती रचणे काही शक्य नाही. म्हणून मुलांना एवढे अवश्य शिकवावे की, दूर लखलखाट दिसल्यास तो पाहण्यास खिडकीकडे धावू नये. प्रकाश तत्काळ दिसतो; धक्क्याला किलोमीटरभर येण्यास सुमारे ३ सेकंद लागतात. तेवढ्यात काचेकडे पाठ करून बाकाखाली बसता येते.