घटका, तप आणि साडेसाती

स्टँडवर एसटीची वाट पाहत बसलं की घड्याळाचा काटा सरकता सरकत नाही. इंग्रजीत अशा संथपणाला गोगलगाईची चाल म्हणतात, आपल्याकडे मुंगीची पावलं. पण मराठीनं हळू सरणारा काळ खरा पाहिला तो पाण्यात आणि आकाशात.

पूर्वी पाण्यावर एक वाटी तरंगत ठेवत, बुडाला बारीक भोक असलेली. ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे आजची 24 मिनिटं. दिवसरात्रीच्या अशा 60 घटका. लग्नात 'घटका भरत आली' म्हणतात, ते या वाटीमुळेच. आणि शेवटच्या आजारातला माणूस 'घटका मोजत' असतो.

मोठं माप मात्र आपल्या नाशिकचं. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला जवळजवळ 12 वर्षं लागतात. तो सिंह राशीत आला की गोदाकाठी सिंहस्थ भरतो. 2003 साली भरला, मग 2015 साली. या बारा वर्षांचंच एक तप. सात सिंहस्थ पाहिलेल्याची सत्तरी उलटलीच म्हणून समजा!

शनी त्याहून सुस्त. त्याची फेरी साडेएकोणतीस वर्षांची, आणि शनैश्चर या नावाचा अर्थच हळू चालणारा. एका राशीत अडीच वर्षं, तीन राशींची मिळून साडेसाती. आपण मात्र चार दिवस मुक्काम ठोकलेल्या पाहुण्यालाही साडेसातीच म्हणतो.