डोक्याचा मार आणि वडीलधाऱ्यांचे कर्तव्य



आपल्या क्रीडामहोत्सवात बक्षिसे देण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी ऋणी आहे. कौतुकाबरोबरच काळजीचेही दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

गुडघा फुटला तर रक्त दिसते, हात मोडला तर सूज दिसते. मेंदूला बसलेला हादरा मात्र डोळ्यांना दिसत नाही. डॉक्टर ज्यास ‘कंकशन’ म्हणतात, त्यात बहुधा शुद्धही हरपत नाही. खेळाडू गोंधळतो, त्याचा तोल जातो, गुण किती झाले हे तो विसरतो; डोके दुखते, मळमळते, उजेड सोसत नाही. आणि आपण काय करतो? तोंडावर पाणी मारून ‘शाबास, ऊठ!’ म्हणतो आणि त्याला पुन्हा चढाईस धाडतो!

१९९८ च्या फेब्रुवारीत ढाक्यास रमण लांबा शिरस्त्राणाविना फलंदाजाजवळ क्षेत्ररक्षण करीत असता चेंडू त्यांच्या कपाळावर आदळला. ते आपल्या पायांनी मैदानाबाहेर गेले. तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. ती इजा साध्या हादऱ्याहून फार भारी होती. परंतु मैदानावर उभे राहून हा भेद कोण ओळखणार? २०१९ साली लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथ मानेवर चेंडू लागल्यावरही पुन्हा फलंदाजीस आला; लक्षणे दुसऱ्या दिवशी दिसली. तेव्हा त्याच वर्षीच्या नव्या नियमानुसार त्याच्या जागी बदली खेळाडू घेण्यात आला.

म्हणून नुसता संशय आला तरी खेळाडूस बाहेर घ्यावे, त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नये, एकटे सोडू नये आणि डॉक्टरांस दाखवावे. वारंवार वांती, वाढती डोकेदुखी, झटके, हातापायांत अशक्तपणा, वाढती गुंगी यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. मान दुखत असल्यास जाणत्या माणसाखेरीज कोणी त्यास हलवू नये. पुढे एक-दोन दिवस विश्रांती, मग हलके चालणे, अभ्यास, व्यायाम असे पायरीपायरीने जावे. धक्काबुक्कीचा खेळ डॉक्टरांच्या संमतीनंतरच. पहिला हादरा बरा होण्यापूर्वी दुसरा बसला, तर तो जिवावर बेतू शकतो.

‘मला काही झाले नाही,’ असे मूल म्हणेलच. त्याला खेळायचे असते. तो निर्णय त्याचा नव्हे, आपला आहे. पुढील वर्षापासून आपल्या सामन्यांत पंचाने अथवा कोणाही पालकाने असा संशय व्यक्त करताच खेळाडू बाहेर येईल, असा नियम मंडळाने करावा, ही माझी नम्र विनंती. एखादा सामना हरल्याने ज्ञातीची मान खाली जाणार नाही. मुले सुखरूप घरी परतली, यातच तिचे भूषण आहे.