तिलाही विचारा

(मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



नर्स म्हणून आलेले अनुभव सांग, असा आग्रह झाला. एकच सांगते, कारण इथल्या बहुतेकांच्या घरात किंवा वर्गात पंधरा-सोळा वर्षांची एखादी मुलगी आहे.

मी मुंबईत मुलांच्या कर्करोग विभागात काम करते. देवगिरी किंवा लातूर एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून आलेली आपल्याकडची माणसं पहिल्या वाक्यातच ओळखू येतात. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली, की त्यांना निम्मा धीर येतो.

अशीच एक मुलगी आली. गाव नांदेडकडचं, नीटच्या क्लाससाठी लातूरला राहिलेली. कमरेच्या हाडाचा कर्करोग. उपचारांमुळे पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, असं डॉक्टरांनी आईवडिलांना सांगितलं. वडिलांनी हात जोडले, "तिला सांगू नका. आधी लेकरू वाचू द्या." आई हळूच म्हणाली, "पाहुण्यांत कळलं तर?" आम्हीही गप्प राहिलो.

केस गेले तेव्हा ती रडली नव्हती. एका रात्री मी सलाईन बदलत असताना म्हणाली, "सिस्टर, दोन महिने पाळी नाही. मला मूल होईल का?" जीवशास्त्राचं पुस्तक उशाशीच होतं. तिनं सगळं स्वतःच जुळवलं होतं. मग म्हणाली, "मला आधी कामून नाही विचारलं?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुलगी जन्मताना स्त्रीबीजांचा साठा सोबत घेऊनच येते. सायक्लोफॉस्फामाइडसारखी काही औषधं आणि ओटीपोटावरची किरणं हा साठा कमी करतात. किती, ते औषध, मात्रा आणि वय यांवर ठरतं. म्हणून "आता मूल होणारच नाही" हेही चूक आणि "काही होत नाही" हेही चूक. पाळी परत आली तर चांगलंच, पण ती खात्री नव्हे. कधी पाळी लवकर कायमची थांबते.

उपाय असतात. साधारण दोन आठवडे हाताशी असतील तर इंजेक्शनं देऊन स्त्रीबीजं काढून गोठवता येतात. पाळी सुरू न झालेल्या मुलीचा अंडाशयाचा तुकडा गोठवता येतो. गोठवलेल्या अंडाशयाच्या ऊतीपासून पहिलं बाळ 2004 साली बेल्जियममध्ये जन्मलं. किरणं द्यायची असतील तर अंडाशय शस्त्रक्रियेनं बाजूला सरकवता येतो. प्रत्येकीला हे जमत नाही. रक्ताच्या कर्करोगात अनेकदा थांबायला वेळच नसतो, आणि खर्चही असतो. पण पहिल्या केमोआधी विचारलं, तरच यातलं काही शक्य आहे.

मुली हे कसं पेलतात? एखादी विषयच काढू देत नाही. एखादी म्हणते, "आधी बारावी होऊ द्या." एखादी रात्रभर जागते, की लग्न ठरताना सांगायचं कुणी आणि कधी. "दत्तक घेता येतं की!" हे त्याच दिवशी म्हणू नका. तो मार्ग खरा आहे; पण त्या घडीला तो तिचं तोंड बंद करतो. मी आता शेजारी बसते आणि तिला बोलू देते.

त्या मुलीनं नंतर वडिलांना स्वतःच सांगितलं, "मला माहीत आहे." ते खूप रडले. त्या दिवसापासून दोघं एकत्र डॉक्टरांसमोर बसू लागले. उपचार संपले, आज ती फिजिओथेरपी शिकते. पाळीचं पुढे काय झालं ते तिचं खासगी आहे, म्हणून सांगत नाही.

सर, बाई, अशी मुलगी वर्षभरानं डोक्याला रुमाल बांधून वर्गात परतली, तर तिला तिच्या बाकावर नेहमीसारखं बसू द्या. आणि मित्रांनो, कुणाच्या घरी अशी वेळ आलीच, तर उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारा, "पुढे मूल होण्याचं काय?" तो प्रश्न मुलीला बाहेर बसवून विचारू नका.