उपदेशाकडून श्रवणाकडे
(वार्षिक सभेत समुपदेशन विभागाच्या वतीने केलेले भाषण)



आम्ही तिघे या विभागात काम करतो. आमच्यापैकी एकाने बावीस वर्षे शाळेत गणित शिकविले, दुसऱ्याने पतसंस्थेत कर्जवसुली पाहिली, तिसरीने प्रसूतिगृहात परिचारिकेचे काम केले. पंचेचाळिशी ओलांडल्यावर आम्ही मानसशास्त्राचे विद्यार्थी झालो. ‘या वयात हे खूळ कशाला?’ असे घरच्यांनीही विचारले. त्याचे उत्तर आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

२००६ साली विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी मदत जाहीर केली, त्यांत आपला बुलढाणा होता. वसुलीस जाणाऱ्या आमच्या सहकाऱ्याला घराघरातील थकबाकीचा आकडा पाठ असे; घरधन्याची झोप उडाली आहे काय, हे मात्र त्याने कधी विचारले नाही. ती खंतच त्याला येथे घेऊन आली.

आयुष्याच्या मध्यावर या कार्याकडे वळलेले आम्हीच पहिले नव्हे. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकविणारे डॉ. जगन्नाथ वाणी पत्नीच्या स्किझोफ्रेनियामुळे या क्षेत्राशी जोडले गेले. १९९७ साली त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापिली. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्ते व समुपदेशक नेमले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथे नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

तथापि, केवळ वय आणि अनुभव पुरेसे नाहीत, हे आम्ही नम्रपणे नमूद करतो. प्रशिक्षणातील पहिल्याच भेटीत आमचे शिक्षक सहकारी पाच मिनिटे ऐकून वीस मिनिटे सल्ला देत राहिले. पर्यवेक्षक म्हणाले, ‘‘गुरुजी, उदाहरण सुटले, माणूस तसाच राहिला.’’ उपदेशाची जुनी सवय सोडावयास आम्हांस पदवीहून अधिक काळ लागला.

आमच्या मर्यादाही सांगणे अगत्याचे आहे. औषधोपचार हे मनोविकारतज्ज्ञांचे काम. तशी गरज दिसताच आम्ही रुग्णास त्यांच्याकडे पाठवितो. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय बुलढाण्याहून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. म्हणून पहिली विचारपूस जवळच व्हावी, एवढाच आमचा प्रयत्न. सैलानीला जाणाऱ्या कुटुंबांची श्रद्धा आम्ही मोडू पाहत नाही. दर्शनास अवश्य जावे. परंतु सुरू असलेले औषध थांबवू नये, ही हात जोडून विनंती. आपण सांगितलेले गुप्त ठेवणे हे आमचे कर्तव्य आहे, आणि मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार तो रुग्णाचा हक्कही आहे.

देणगीदारांपाशी आमचे मागणे लहान आहे. नवी खोली नको, फलकावर नावे नकोत. अनुभवी पर्यवेक्षकांचे मानधन आणि नव्या प्रशिक्षणार्थींचे शुल्क यांची तरतूद व्हावी. ऐकणाऱ्याची चूक दाखविणारा कोणी नसेल, तर तिची झळ रुग्णाला लागते.

आणि आप्तहो, घरातले माणूस अबोल झाले, जेवण-झोप तुटली, तर हंगाम संपण्याची वाट पाहू नका. आमच्याकडे या, अथवा ‘टेली-मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर कोणत्याही वेळी बोला.