योगवर्ग निवडताना

सकाळी बागेत फिरायला गेलात, तर एखाद्या कोपऱ्यात सतरंज्या अंथरून आसने करणारी मंडळी दिसतात. आपल्यालाही वाटते, चला, उद्यापासून आपणही जावे. पण लगेच मन म्हणते, “अहो, साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, वाकून पायाचे अंगठे धरता येत नाहीत. तिथे हसं व्हायचं!” आणि तो ‘उद्या’ काही उगवत नाही.

यात दोष गुडघ्यांचा नाही. आपल्या शरीराला मानवेल असा वर्ग शोधायला हवा, इतकेच.

या बाबतीत आपला महाराष्ट्र भाग्यवान आहे. श्रीयोगेंद्रांनी १९१८ साली मुंबईत योगसंस्था काढली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. पुण्याची अय्यंगारांची संस्था १९७५ सालची. अय्यंगार स्वतः लहानपणी फार आजारी असत. दोर, पट्टे, खुर्च्या, लाकडी ठोकळे यांचा आधार देऊन ताठरलेल्या शरीरालाही आसन साधावे, अशी पद्धत त्यांनी रूढ केली. अशा संस्थांतून शिकलेले शिक्षक आज गावोगावी वर्ग चालवतात. शाळेचा हॉल, वाचनालय, देऊळ, नगरपालिकेची बाग, कुठेही चौकशी करा. वर्ग शक्यतो चालत जाण्याच्या अंतरावर असावा. नावाजलेला पण दूरचा वर्ग पहिल्या पावसातच सुटतो!

पहिल्या दिवशी मात्र नुसते पाहायला जा. कोपऱ्यात बसा आणि तीन गोष्टी पाहा.

पहिली, शिक्षक नव्या माणसाची विचारपूस करतात का? रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण हे त्यांनी आधी विचारायला हवे. काचबिंदू असणाऱ्याला शीर्षासन अपायकारक ठरू शकते. न विचारताच सगळ्यांना एका माळेत ओवणारा शिक्षक आपल्या कामाचा नाही.

दुसरी, ज्याला जमत नाही त्याच्याशी ते कसे वागतात? पाठीवर दाब देऊन वाकवतात, की सोपा प्रकार दाखवतात?

तिसरी, शेवटी शवासनाला वेळ देतात का?

आणखी एक सावधगिरी. “आमच्याकडे या, मधुमेहाच्या गोळ्या बंद करा,” असे कोणी म्हणाले, तर नमस्कार करून सरळ घरी या. गोळ्यांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. योग औषधाच्या जोडीला चालतो. औषधाशी त्याचे भांडण नाही.

पतंजलींनी आसनाची कसोटी सांगितली ती स्थैर्याची आणि सुखाची. शेजाऱ्यापेक्षा जास्त वाकण्याची नव्हे! खुर्चीत ताठ बसून, हात वर करून शांतपणे श्वास घेणारी आजीबाई आणि शीर्षासनात उभा राहिलेला तरुण, दोघेही एकाच वाटेवर आहेत. ती वाट ज्या वर्गात दोघांनाही मोकळी असेल, तो वर्ग आपला समजा. आणि ‘उद्या’ची वाट न पाहता आजच संध्याकाळी चौकशीला बाहेर पडा.